अकरा पॉइंट एक

मिरजेत, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत,
तंबोऱ्याचे भोपळे टांगलेल्या दुकानावर
आमची लॅब होती. एक खोली, एक मोरी,
आणि सेंट्रिफ्यूज. ते सुरू झालं की
खालचा कारागीर तार लावायची थांबवायचा
आणि जिन्यातून वर बघायचा.

पगार बाराशे. वय एकोणीस.
बोटांवर लिशमनचा जांभळा डाग.
एसटीत मी मुद्दाम वरची दांडी धरायची,
लोकांना तो दिसावा म्हणून.

शांतवन आवळे सर फार बोलत नसत.
संध्याकाळी बल्ब ते स्वतः धुवायचे,
काचेचे, करंगळीएवढे,
आणि धुताना मोजायचे.
मला वाटायचं, काचेला जपतात.

त्या दिवशी स्टँडला माझं कोपर लागलं.
हुसेनबी शिकलगार, बासष्ट, नदीवेस.
माणसाचं नाव लावलेलं रक्त
फरशीवर किती थोडं दिसतं,
एका फडक्यात मावलं.

शैला म्हणाली, 'त्यात काय एवढं?
मागच्या महिन्याचा रिपोर्ट काढ,
पॉइंट दोन पॉइंट तीन इकडंतिकडं कर.
म्हाताऱ्या माणसांचं तेच तेच असतंय.'
मागच्या महिन्यात अकरा होतं.
मी अकरा पॉइंट दोन लिहिलं.
जाता जाता त्यांना थोडं बरंही करून टाकलं.
माझं अक्षर चांगलं होतं,
कार्बनखालीसुद्धा स्वच्छ उमटलं.

सात वाजता सर मोरीवरून म्हणाले,
'एक्केचाळीस.'
रजिस्टरात बेचाळीस होते.
नळ चालूच होता. शैला पर्स शोधत होती.
मी सांगितलं, म्हणजे
'फुटला' एवढंच सांगितलं.
पुढचं त्यांनी रजिस्टरात वाचलं.

रागावले असते तर रडून मोकळी झाले असते.
त्यांनी हात पुसले, सिरिंज घेतली,
आणि लुनावर मागं बसवून
मला नदीवेशीला नेलं.

वाटेत मी वाक्यं जुळवत होते:
लाइट गेली होती, मशीन बिघडलं होतं.
दारात सर म्हणाले,
'आजी, तुमचं रक्त आमच्याकडनं सांडलं.
आणि न तपासताच आकडा लिहिला गेला, आमच्याकडनं.
परत घ्यायला आलोय.'

आमच्याकडनं.
त्या शब्दासरशी ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले
आणि मला पळायला जागा उरली नाही.

हुसेनबींनी सकाळचा हात बघितला,
शिरेपाशी निळं पडलं होतं,
मग दुसरी बाही वर केली.
'ह्यातलं घे बाळ. आन् च्या घिऊन जावा,
रातीचं आलायसा.'
थरथर माझ्याच हाताला होती.

रात्री साडेनऊला, खालचं दुकान बंद झाल्यावर,
अकरा पॉइंट एक आलं.
आणि मी, सांगायला लाज वाटते, हसले.
'सर, बघा की. जवळजवळ तेच.'

त्यांनी नळी उजेडात धरून परत वाचली.
'हे रक्तानं सांगितलं,' म्हणाले.
'ते तू सांगितलं होतंस.'
माझ्या आकड्यावर एक आडवी रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी,
शेजारी सही केली आणि पेन माझ्याकडं सरकवलं.
दोन सह्या. माझी वाकडी आली.

आता माझ्या लॅबमध्ये नळ्या प्लास्टिकच्या,
पडल्या तरी फुटत नाहीत. बारकोड आहे.
मोजायचं काम मशीन करतं.
तरी सातला मी मोजते,
मुली एकमेकींकडं बघतात, बघू देत.

इतक्या वर्षांत नजर तयार झाली आहे.
माणूस जिना चढत असतानाच
कधी कधी आकडा मनात येऊन बसतो,
आणि पुष्कळदा बरोबर निघतो.
भीती वाटते ती तेव्हा.
मी पेन खाली ठेवते
आणि म्हणते, बाही वर करा.